शेळीने खाल्लेला राजीनामा

हे कुणाला पटणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. सरकारी कागद वाळवी खाते, उंदीर कुरतडतात, साहेबांच्या टेबलावर तो आपोआप गहाळ होतो, इथपर्यंत लोक मान्य करतात. पण माझ्या शाळेत एका शेळीने अकरा पानांचा राजीनामा खाल्ला, सहीसकट खाल्ला, आणि त्यामुळे एका शिक्षकाची नोकरी वाचली, असं म्हटलं की लोक माझ्या पांढऱ्या मिशांकडे बघतात आणि पावसापाण्याचं विचारतात.

गेल्या रविवारी माझी नात रेवती हिनेही तसाच चेहरा केला होता. पण तिला पळता येत नव्हतं. ती ओट्यावर सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसली होती, आणि शेंगा सोलून झाल्याशिवाय चटणी होणार नव्हती.

रेवती शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी लागली; लांबचा जिल्हा, डोंगरातली शाळा. शनिवारी एसटीतून उतरली ती बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "तात्या, मी सोमवारी राजीनामा देतेय." मी म्हणालो, "आधी चहा घे." तिने बॅग उचलली आणि आत गेली. चहाही घेतला नाही.

सकाळी मी दाराच्या कडीला दूधवाल्यासाठी चिठ्ठी अडकवत होतो. दुसऱ्या दिवशी मला नगरला डोळे दाखवायला जायचं होतं. रेवतीने मान वाकडी करून चिठ्ठी वाचली. 'उद्यां दूध नको. मी घरीं नाहीं.'

"तात्या, चिठ्ठीवर माश्या बसल्यात."

"कुठे?"

"ह्या काय. 'उद्यां'वर एक, 'घरीं'वर एक, 'नाहीं'वर एक."

"बसू देत. दूधवाल्याला कळतं."

एरवी ती यावर अर्धा तास हसली असती. त्या दिवशी नुसती शेंग फोडली.

"झालं तरी काय, ते सांगशील?"

"काही नाही झालं. रोजचंच."

"रोजचं काय?"

"सातवीतली माझी एक पोरगी. अश्विनी. गणितात पहिली. तिला बघायला आले आणि ठरवून गेले. मी घरी गेले. तिचा चुलता म्हणाला, मॅडम, तुमचं अजून व्हायचंय ना, आधी तुमचं बघा. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, गावाशी वाकडं घेऊ नका. मी हेल्पलाइनला फोन करून माणसं बोलावली. लग्न थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरगी शाळेतून काढली. आणि त्याच दिवशी चार वाजेपर्यंत मला हात धुवायच्या नळाचा फोटो अपलोड करायचा होता."

"केलास?"

"केला. रडत रडत नळाचा फोटो काढला, तात्या. तो धूसर आला म्हणून परत आला."

"मग?"

"मग काय. दुसरा काढला."

ती शेंगा सोलत राहिली. टरफलं सुपात आणि दाणे खाली पडत होते.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. "तुम्ही छत्तीस वर्षं हसत काढलीत. अजून लोक सांगतात, गर्जे गुरुजी कधी कंटाळलेले दिसले नाहीत. मी तशी नाही. माझ्यात ते नाहीच. तुम्हाला वाटलं होतं कधी, सोडावं म्हणून?"

"कधीच नाही," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. "पण आमच्या कुलथेबाईंना वाटलं होतं."

"खोटं."

"अगं, अजून सांगितलंच नाही, तर खोटं कसं?"

"तुम्ही तोंड उघडलं की मी आधी खोटं म्हणून ठेवते. म्हणजे नंतर घाई नको."

"ऐक तर. शहाण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा कुरणदऱ्याच्या वाडीवर मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे काय, दोन शिक्षकांतला एक. दुसऱ्या कुलथेबाई. चोवीस वर्षांच्या, नव्या लागलेल्या."

"कुलथेबाई म्हणजे त्याच ना? दादाच्या लग्नपत्रिकेत सात चुका काढून पत्रिका पोस्टाने परत पाठवणाऱ्या?"

"त्याच."

"त्यांना नोकरी सोडायची होती? त्यांना?"

"तरुणपणी माणूस हळवं असतं," मी म्हणालो आणि पुढे निघालो.

कुरणदरा बालाघाटाच्या माथ्यावर. वारा असा, की मी खाली बघून हजेरी घ्यायचो आणि पोरांचं 'हजर' खालच्या गावात ऐकू जायचं. तिथले मास्तर चुकून आमच्या पोरांची हजेरी लावायचे. एकदा फळ्यावर सातचा पाढा लिहून मी तंबाखू मळायला वळलो, तर वाऱ्याने खडूची भुकटी उडवली आणि फळ्यावर पाचचा राहिला.

"तात्या."

"बरं, वारा होता एवढं धर. आणि एक शेळी होती. ठकूआजीची. नाव चंपी. ती भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा कडेपासून खात आली होती. आख्खं कोकण खाल्लं होतं तिने. त्या वर्षी आमच्या वाडीतली पोरं सांगायची, सह्याद्रीच्या पलीकडे भिंत आहे."

रेवतीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मला तेवढंच पाहिजे होतं.

पण खरी गोष्ट वाऱ्याची नाही आणि शेळीचीही नाही. आमची वाडी ऊसतोडीची. दिवाळी झाली की ट्रक यायचे, आणि पट एकसष्टवरून एकोणीसवर. आईबाप जायचे, त्यांच्याबरोबर लेकरं जायची, वाडीवर म्हातारी माणसं आणि कुत्री राहायची. होळीच्या आसपास माणसं परतायची. तेवढ्या पाच महिन्यांत पोरांच्या डोक्यातली अक्षरं कुठे सांडायची कुणास ठाऊक. जूनमध्ये क शिकवायचा, दिवाळीपर्यंत पोरगं वाचायला लागायचं, होळीला परत आलं की पाटीकडे असं बघायचं, जसा काही मी चिनी भाषेत क काढलाय. मग पुन्हा क. एक वर्ष ठीक. दोन वर्षं ठीक. पण दर वर्षी तीच विहीर खणायची आणि दर वर्षी कुणीतरी ती बुजवून जायचं, असं बाईंना व्हायला लागलं होतं.

"बाई तर नवीन लागल्या होत्या ना?" रेवती म्हणाली. "दर वर्षी कुठून आलं?"

"नवीन म्हणजे, दोन-तीन वर्षं झाली असतील. मधे बोलू नको, धागा तुटतो."

चौथीत एक मुलगी होती. कांता. ठकूआजीची नात. ही कांता चार वेळा क पासून शिकली होती, पण त्या वर्षी तिला काहीतरी झालं. दसऱ्यापासून ती घडाघडा वाचायला लागली. तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं ठरलं. शाळा सुटल्यावर तासभर जास्तीचा वर्ग, फक्त तिच्यासाठी. पुस्तकात एक धडा होता, एका धनगराची मेंढी हरवते, तो. एक्केचाळिसाव्या पानावर धनगर मेंढी शोधत डोंगर चढतो आणि पान संपतं. मेंढी सापडते की नाही, ते पुढच्या पानावर. कांता त्या पानापर्यंत आली आणि दिवाळीची सुट्टी लागली.

बाई तिच्या घरी तीनदा गेल्या. कांताची आई हिराबाई. तिला समजावलं, की पोरीला ठकूआजीजवळ ठेवा, परीक्षा होऊ द्या. तिसऱ्या खेपेला हिराबाई म्हणाली, "ठेवते." बाईंनी त्या दिवशी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी सकाळीच ट्रक आला. बाई शाळेचं कुलूप काढत होत्या. बघतात तर कांता ट्रकमध्ये, भांड्यांच्या आणि सरपणाच्या मधे, मांडीवर धाकटा भाऊ. बाई खाली धावल्या.

"हिराबाई, ठेवते म्हणाला होता ना?"

"म्हणले व्हते. पर धाकटं तापलंय. तिकडं उसाच्या फडावर, कोपीत त्याला कोन धरंल? मी मोळी बांधू का लेकरू धरू? तुमीच सांगा."

डी.एड.ला बालमानसशास्त्राचा आख्खा पेपर असतो, पण हा प्रश्न त्यात नव्हता. ट्रक सुरू झाला. बाई ट्रकमागे पळाल्या. आता पळून काय होणार होतं? ट्रक थांबणार होता? पण पळाल्या. चपलेचा अंगठा तुटला, टोपी उडाली...

"बाईंची टोपी?"

"माझी. मी बाजूला उभा होतो. वारा नव्हता का?"

"असं."

"...आणि ट्रकमागे ओरडून सांगितलं, 'कांते, पुस्तक घेतलंस का?' तिने पुस्तक वर करून दाखवलं. 'पुढचं पान तू आल्यावर! तोपर्यंत उलटायचं नाही!' दुसरं काही सुचलं नाही, म्हणून हे. ट्रक वळणावर गेला. मग त्या खडीच्या रस्त्यावर एक पाय अनवाणी घेऊन परत यायचं, आणि टोल द्यायचा, आणि एकोणीस पोरांना म्हणायचं, बसा."

रेवती माझ्याकडे बघत होती. मी चष्मा पुसला.

"त्याच आठवड्यात तालुक्याहून पत्र आलं. पटावरील संख्या आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांत तफावत का, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. खुलासा! पोरं ट्रकवाल्याने नेली आणि खुलासा मास्तरने द्यायचा. खाली टीपही होती, की खुलासा दोन प्रतींत."

"आमच्याकडे आता पोर्टलवर भरतात," रेवती म्हणाली.

"तेच तर. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर, टोलाच्या दांडक्याखाली राजीनामा."

मी घसा साफ केला. तो कागद मला अजून पाठ आहे, तसाच म्हणून दाखवला.

'मी हा राजीनामा स्वखुषीनें देत आहें. मुलें जातात आणि मला त्यांना अडवितां येत नाहीं. परत येतात तेव्हां त्यांना कांहीं येत नसतें, आणि पुन्हां आरंभ करावयाचा उत्साह आतां उरलेला नाहीं. मीं पुष्कळ प्रयत्न केला.'

रेवतीचा हात शेंगेवरच थांबला होता. "पाठ आहे तुम्हाला?"

"इतकी वर्षं झाली, पण लाल पेनाने तपासलेला कागद विसरत नाही."

"तपासलेला?"

"हीच तर गंमत आहे! राजीनामा आला, आता काय करायचं? पाय धरायचे? रडायचं? नाही. लाल पेन काढलं आणि तपासला. वहीसारखा. चार ओळींत तेरा गोल. 'नाहीं'वर टिंब, गोल. 'कांहीं'वर दोन टिंबं, दोन गोल. 'मुलें'वर गोल, 'आतां'वर गोल. आणि खाली शेरा: अशुद्ध. पुन्हा लिहून आणावे."

"राजीनाम्यावर?"

"राजीनाम्यावर. आणि वर तोंडी ऐकवलं: ही टिंबं बंद होऊन चौतीस वर्षं झाली. पोरांना फळ्यावर एक शिकवायचं आणि कागदावर स्वतः दुसरं लिहायचं? असला राजीनामा वर गेला तर तालुक्यात शाळेचं हसं होईल. जायचं तर शुद्ध लिहून जा."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"बाई भडकल्या. म्हणजे असा संताप, की समोरच्या माणसाच्या अंगावर शाईची दौत फेकावी. इथे आयुष्य निसटून चाललंय, आणि समोरचं माणूस टिंबं मोजतंय! पण काय करणार, चूक ती चूक. कागद घेऊन घरी. आठ दिवसांनी स्वच्छ प्रत. एकही टिंब जादा नाही. म्हटलं, आता अडवून दाखवा."

"मग?"

"शेरा आला: कारण मोघम. 'मुले' म्हणजे कोणती? नावे लिहावीत."

रेवती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "हे कुलथेबाई... हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच. मग पुढची प्रत तीन पानांची. एकसष्ट नावं. त्यावर शेरा: नुसती नावे नकोत, उदाहरणासह स्पष्ट करा. आता सांग, राजीनामा उदाहरणासह स्पष्ट करायचा असतो का? पण लिहायला बसलं की हात थांबत नाही. दगडूला बेरीज येते, हातचा येत नाही; तो हातचा बोटावर न धरता मुठीत धरतो आणि विसरतो. सुमनला जोडाक्षर दिसलं की ती डोळे मिटून घेते. पारूबाई वाचते चांगली, पण आवाज काढत नाही, ओठांकडे बघावं लागतं. राजीनामा लिहायला बसायचं आणि दगडूच्या हातच्याचं लिहीत बसायचं. स्वतःचाच राग यायचा. अरे, आपण सोडून चाललोय ना?"

"कुणाला राग यायचा?"

"बाईंना. आणखी कुणाला?"

रेवतीने मान खाली घातली आणि एक शेंग उगाच दोनदा फोडली.

"असं करत करत अकरा पानं झाली. होळी तोंडावर आली. अकराव्या पानावर शेरा आला: शुद्ध. वर पाठवण्यास हरकत नाही. म्हणजे आता सुटका. पाकीट आणलं, पत्ता लिहिला, कागद घडी करून ठेवले. दुपारी टपाल जायचं होतं. आणि इतके दिवस चुका काढणारं माणूस त्या दिवशी एक शब्द बोललं नाही. नुसतं लाल पेनाचं टोपण लावलं आणि पहिलीच्या पोरांकडे गेलं."

"तुम्ही गेलात."

"हो, मी गेलो. तेवढ्यात दारात कांता."

मी सुपातली एक शेंग उचलली. दूर कुठेतरी कुणाचा तरी मिक्सर चालू होता.

"काळी पडली होती. केस तांबडे, हातांवर उसाच्या पात्यांचे चरे. मागे ठकूआजीची चंपी, ती कुठेही जायची तिच्यामागे. कांताच्या काखेत पुस्तक. कव्हर गेलेलं. मधे खूण म्हणून उसाचं वाळलेलं पातं. परीक्षा होऊन गेली होती. मी विचारलं, वाचलंस का तिकडे? तर म्हणाली, न्हाई. पुढचं पान उलटलं नाहीस? तर ती माझ्यापुढे पुस्तक धरून म्हणाली, 'गुर्जी, तुमीच म्हणला व्हता ना, पुढचं पान तू आल्यावर?'"

"गुर्जी?" रेवती म्हणाली.

"काय?"

"बाईंना गुर्जी?"

"खेड्यातली पोरं. बाईंनाही गुर्जीच म्हणतात. ऐक."

पातं काढलं. एक्केचाळिसावं पान. कांता खाली बसली आणि वाचायला लागली. आणि वाचता येईना. जे पान नोव्हेंबरात ती एका दमात वाचायची, त्यावर बोट ठेवून, "ध... न... ग...". प्रत्येक शब्दाला अडखळायची, वर बघायची, पुन्हा अडखळायची. पाच महिने पुस्तक उशाशी होतं, पण उजेड असायचा तेव्हा ती लेकरू धरायची. त्या पानाला अर्धा तास लागला. सगळी शाळा गप्प. पहिलीची पोरंसुद्धा दाराशी येऊन बसली. शेवटच्या शब्दावर तिने बोट दाबून धरलं आणि विचारलं, "आता उलटू?"

"उलट."

उलटलं. पुन्हा बोट. पुन्हा अडखळणं. मग एकदम, "सा... प... ड... ली. सापडली!" आणि इकडेतिकडे बघून रागाने म्हणाली, "पाच म्हैनं मला वाटत व्हतं, लांडग्यानं खाल्ली."

"आणि राजीनामा?" रेवतीने विचारलं.

"तिकडेच येतोय. सगळे कांताकडे बघत होते ना, तेवढ्यात चंपी टेबलाशी. पाकीट खाली ओढलं, फाडलं, आणि पहिलं पान, दुसरं पान, शांतपणे. एका माणसाला ते दिसत होतं. दारात उभं होतं ते माणूस. एरवी चंपी नकाशाजवळ गेली तरी डस्टर फेकून मारणारं. त्या दिवशी साधं हाडसुद्धा म्हटलं नाही. अकरावं पान, सही, लाल शेरे, सगळं संपेपर्यंत चंपीला खाऊ दिलं. मग म्हणालं, 'अरेरे.'"

"एवढंच?"

"एवढंच. अरेरे. आणि मग म्हणे, पुन्हा लिहायचा असेल तर माझ्याकडे कोरे कागद आहेत."

"लिहिला?"

"वेळ कुठे होता? बेचाळीस पोरं परत आली होती. दगडूचा हातचा राहिला होता."

रेवतीने खाली पडलेले दाणे एकेक करून गोळा केले. मग म्हणाली, "कांता पुढच्या दिवाळीला?"

"गेली."

"मग?"

"मग काय. पान लक्षात ठेवलं."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता फार जड झालं, जरा हलकं करावं. म्हणून शेपूट जोडलं. म्हटलं, "आणि ऐक, त्या अकरा पानांवर इतकी लाल शाई होती, की चंपीचं दूध तीन दिवस गुलाबी निघत होतं. ठकूआजीने बाजारात विकलं, सरबत म्हणून. आता म्हण खोटं. म्हण, शेळी खोटी, दूध खोटं. तू तर आधीच म्हणून ठेवलं होतंस."

मी तयारच होतो. शेळीवर कुणी बोट ठेवलं की माझ्याकडे दोन साक्षीदार असतात, दोघेही वारलेत. पण रेवती उठली. दाराच्या कडीची चिठ्ठी काढली. आपल्या पर्समधून पेन घेतलं, लाल. ओट्यावर बसून तिने चिठ्ठीवरच्या तिन्ही माश्यांभोवती एकेक गोल काढला, सावकाश, वहीत काढतात तसा, आणि चिठ्ठी माझ्या पुढ्यात ठेवली.

"अगं, शेळी..." मी म्हणालो.

"शेळी मान्य," ती म्हणाली. "गुलाबी दूधसुद्धा मान्य. पण कुलथेबाई जन्माला आल्या, तेव्हा ही टिंबं जाऊन दहा वर्षं झाली होती. तात्या, गोल बाईंनी काढले होते. राजीनामा तुमचा होता."